शेरा

फॉर्म चार पानी आहे.
‘शारीरिक शिक्षण विभाग : प्रशिक्षण-कामगिरीचे मूल्यमापन’.
प्राचार्यांनी सकाळी माझ्या टेबलावर ठेवला.
म्हणाल्या, शिगवण, तू खेळायचीस ना तांडेलांकडे?
मग भरून टाक, मी सही करते.
सोमवारी समिती येतेय.

पदके : संख्या, स्तर.
हे सोपं.
अकरा वर्षांत दोन कांस्य, दोन्ही खो-खोची,
त्यातलं एक कपाटात सापडत नाही.

मैदानाचे क्षेत्रफळ.
नकाशातलं लिहू की उरलेलं?
अर्ध्यावर व्यवस्थापनाच्या गाड्या,
परीक्षांच्या दिवसांत राहिलेल्या अर्ध्यावर मांडव.
सर फक्कीचा डबा घेऊन
बंपरांच्या मधून वाकत वाकत रेघ आणायचे.
एका खांबाला टेकून ट्रस्टींची पांढरी गाडी.
‘दहावा गडी समजा,’ म्हणायचे,
‘बसलाय तो. त्याला खो देऊ नका.’
पलीकडे माहुलच्या रिफायनरीची ज्योत,
वारा तिकडून आला की घसा खवखवायचा
आणि सर सराव दहा मिनिटं आधी थांबवायचे.
यासाठी रकाना नाही.

संवादकौशल्य : एक ते पाच.
इथे मी पेन खाली ठेवलं.
विभागीय उपांत्य सामना, दुसरा डाव.
मला बाहेर काढलं, कारण सांगितलं नाही.
आई पहिल्यांदाच बघायला आलेली,
गोवंडीच्या औषध कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून.
आम्ही दोघी राखीव बाकावर शंकरपाळ्या खात बसलो.
आई सारखी विचारत होती, आता तुझी पाळी कधी?
नऊ वर्षं झाली.
दोन लिहिले. खोडले. एक लिहिला.

पुरावे जोडावेत, असं खाली बारीक अक्षरात.
म्हणून कपाट उघडलं.
जाळ्या, हवा गेलेले व्हॉलीबॉल, एकच डावा बूट,
आणि दोनशे पानी वही.
हजेरी असेल, वाटलं.

नाझनीन : वाकते, पण बघत नाही.
मोहिते मोठी : दमते, लपवते. पाणी आधी हिला.
कांबळे : घरी माहीत नाही. साडेसहाला सोडणे.
शिगवण : उठताना उजवा खांदा आधी बोलतो.
सांगितलं तर बिचकेल. तिचं तिला सापडू दे.

मग एक तारीख, मला पाठ असलेली.
समोरच्या पोरींना शिगवणचा खांदा कळला.
दोन वेळा हुलकावलं. बसवली.
आई आलेली.
बसवायला नको होती?

प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलंय.
खाली काही नाही,
पुढच्या पानावर बँडेजचा हिशेब सुरू होतो.

मी खुर्चीतून उठून पाहिलं.
पुन्हा बसले, पुन्हा उठले.
शिपाई परब दारात उभा राहून म्हणाला,
मॅडम, पाठ धरली का?
खरंच, अजूनही,
उजवा आधी.

वही जोडपत्रात लावली नाही.
कांबळेच्या घरी अजून माहीत नसेल कदाचित.
जाळ्यांखाली होती तिथेच ठेवली.
एक खोडून तीन केले. चार नाही.
सांगायला हवं होतं, सर,
निदान बसमध्ये, परत येताना.

खिडकीतून मैदान दिसतं.
नव्या पोरी अजून आल्या नाहीत.
सर एकटेच गाड्यांमधून रेघ मारतायत,
निवृत्तीला चौदा महिने,
वाकताना एक हात बॉनेटवर.

‘इतर शेरा’ला दोन ओळींची जागा आहे.
तिथे मी लिहिलं : समाधानकारक.
आणि माझ्या डायरीत, पेन्सिलीनं :
तांडेल : डाव्या गुडघ्यावर भार टाकत नाहीत.
सांगितलं तर बिचकतील.
फक्की मारायला उद्यापासून परबला पाठवणे,
काहीतरी दुसरंच निमित्त काढून.